मावशीचे यकृत चुकले

मानवी शरीर ही तशी शिस्तीची संस्था आहे. तिचा दोष एवढाच की ती आमच्या विभागाला विचारून चालत नाही.

पेशीच्या आवरणात काही प्रथिने असतात. औषधाला आत घ्यायचे की बाहेर काढायचे, हे तीच ठरवतात. आम्ही त्यांना द्वारपाल म्हणतो. एकाच दाराशी दोन औषधे आली की एक रक्तातच ताटकळते आणि साठत जाते. कोण किती ताटकळेल याचे गणित संगणकावर मांडणे हे आमचे काम. त्यासाठी आमच्याकडे एक आदर्श माणूस आहे: वय तीस, वजन सत्तर किलो, एका वेळी एकच गोळी घेणारा. (असा माणूस अद्याप कोणी पाहिलेला नाही, म्हणूनच त्याच्यात खोट निघत नाही.)

गणित आणि रक्ततपासणी यांचा मेळ बसला नाही, तर ‘जुळवणी गुणक’ लावण्याची पद्धत आहे. म्हणजे उत्तर बरोबर येईपर्यंत गुणत राहायचे. गेल्या वर्षी तो दीड होता, यंदा अकरा आहे. विभागाची प्रगती यावरून ध्यानात यावी.

नव्या गोळीच्या चाचणीत हा गुणक लावताच चोवीसपैकी तेवीस जणांचे ठिपके निमूट आमच्या रेषेवर येऊन बसले. एकोणिसावा मात्र पार कागदाच्या टोकाला गेला. तो विभागप्रमुखांच्या मावशीचा होता. आई गेल्यावर शिवणयंत्र चालवून तिनेच त्यांना शिकवले होते, आणि चाचणीला माणसे कमी पडताहेत असे कळल्यावर तिने आपणहून नाव दिले. कोलेस्टेरॉलची गोळी ती आधीपासून घेत होती. दोन्ही गोळ्या यकृताच्या एकाच दाराशी भिडल्या आणि नवी रक्तात साठत गेली; ती साठली की आधी पायांचे स्नायू दुबळे होतात.

तिसऱ्या आठवड्यात मावशी कठडा धरत, तीनदा थांबत आमचा जिना चढून आली. पाय उचलत नाहीत, यंत्र चालवता येत नाही, गिऱ्हाइकांचे कपडे पडून आहेत, असे तिने सांगितले. विभागप्रमुखांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवून आलेख दाखवला आणि या हिशेबाने तिला काहीही होत नसल्याचे समजावले.

मावशीने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

“रेघ छान काढलीस रे. गोळी बंद करू का, तेवढं सांग.”

“सोमवारी अहवाल जायचाय, मावशी. तोवर घे.”

तिने घेतली. मला त्या माणसाची चीड आली. (मी ती नोंदवली नाही, तसा रकाना नाही.)

बैठकीत तीन उपायांवर चर्चा झाली. मात्रा कमी करणे फेटाळले गेले, कारण सगळे आलेख पुन्हा काढावे लागले असते. गुणक चाळीस करणे जरा उघडे पडले असते. मावशीला वगळणे एकमताने मंजूर झाले. कारण लिहिले: ‘सदर यकृत गणिताशी सहकार्य करीत नाही.’ सही विभागप्रमुखांनी केली. मावशी आता भिंत धरून चालते. शिवणयंत्र विकले.

गोळी बाजारात आली आहे. तुम्हाला मावशीची कीव येत असेल, आमचा संतापही येत असेल. पण उरलेल्या तेवीस जणांच्या तक्रारीच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिले आहे, आणि ते आमच्या मनचे नाही. त्यांतले नऊ जण तपासणीला येताना एका मजल्यासाठी लिफ्टची वाट पाहत उभे होते. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलता “बरं आहे ना?” विचारले, आणि तुम्ही दर खेपेला डोलावता तशीच त्यांनी मान डोलावली.