तीन कार्डांचा तुलनात्मक तक्ता

१९९८ च्या जुलै महिन्यात आमच्या विदर्भ स्नेही मंडळाच्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असा अर्ज तारा मेश्रामने दिला. अर्ज अर्ध्या पानाचा होता. त्यावर झालेली कार्यवाही सत्तेचाळीस पानांची आहे. मी तेव्हा मंडळाची चिटणीस होते, त्यामुळे प्रत्येक पानावर माझी सही आहे.

तारा ही रेल्वेतल्या देवाजी मेश्रामांची मुलगी. नेहरू नगरच्या एका क्लासात ती संगणकावर घरांचे नकाशे काढायला शिकली होती. रायपूरच्या एका नकाशा-कार्यालयाने तिला सांगितले होते, तीन ऑगस्टला एका दुमजली घराचा पूर्ण नकाशा घेऊन ये, काम पसंत पडले तर नोकरी. घरी संगणक नव्हता. मंडळाकडे होता. कुणीतरी दान दिलेला, आणि आम्ही त्यावर हळदीकुंकवाच्या आमंत्रणांची यादी ठेवत असू.

अडचण कार्डाची होती. पडद्यावर चित्र उमटते ते या कार्डामुळे, आणि आमचे कार्ड फार जुने होते. तारा नकाशा उघडायची आणि एकेक रेघ सावकाश यायला लागायची. भिंती येईपर्यंत चहा उकळायचा, खिडक्या येईपर्यंत कपबशा विसळून व्हायच्या. जिना यायच्या आत वीज जायची.

"कोणतं कार्ड पायजे तुले?" शालिकरामजींनी विचारले. ते मंडळाचे अध्यक्ष. उभी हयात भांडार विभागात गेली होती आणि तीन दरपत्रकांशिवाय त्यांनी घरात झाडूही आणला नव्हता.

"काका, सुपेल्यात अरुणकुमारच्या दुकानात दोन आहेत. एक चार एमबीचं, एक आठचं. आठचं घेतलं तर माझं काम आठ दिवसांत होते."

"तिसरं कोठं आहे?"

"तिसरं नाही. दोनच आहेत."

"मग तुलना कशी होईल, पोरी? तुलना तिघांत होते. दोघांत नुसतं भांडण होते."

यावर दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत मीच तोडगा सुचवला, हे मी लपवत नाही. संगणकात आत्ता बसवलेले जुने कार्ड तिसरे उमेदवार मानावे. सर्वांना तो पसंत पडला. मात्र तिन्ही उमेदवार एका टेबलावर, एका पातळीवर यायला हवेत, म्हणून जुने कार्ड काढून लिफाफ्यात घालून लाखेने मोहोरबंद केले. पडदा काळा झाला.

"काका, आता तर मले काहीच दिसून नाही राहिलं," तारा म्हणाली. "पहिले निदान हळूहळू तरी दिसत होतं."

"उमेदवार आहे तो आता. निवड होईपर्यंत त्याले कामावर ठेवता येत नाही. पक्षपात होते."

तपासणीसाठी भैय्याजींना नेमले. त्यांनी तीस वर्षे मालाची तपासणी केली होती आणि जे तपासले ते टनांत. अरुणकुमारने दोन्ही कार्डे माझ्या हातात दिली तेव्हा बजावले होते, "चाची, देख लो, लगाके चला लो, बस कोई ठोक-पीट मत करना." ठोकपीट झाली नाही. भैय्याजींनी किराणा दुकानातून तराजू आणला आणि तिन्ही कार्डे तोलली. जुने कार्ड सर्वांत जड भरले.

"मालात दम आहे," भैय्याजी म्हणाले. मी रकाना भरला.

"काका, वजन नाही पाहत याचं," तारा म्हणाली. "एमबी पाहतात. म्हणजे स्मरणशक्ती. जुन्याची एक, या दोघांची चार अन् आठ."

शालिकरामजींनी विचार केला. "आपल्या मंडळात आजवर जितके तंटे झाले, ते सारे जुनं लक्षात ठेवणाऱ्यांनी केले. कमी स्मरणशक्ती बरी."

तो रकानाही जुन्या कार्डाला गेला.

मग आठ एमबीच्या कार्डावरचा पंखा त्यांच्या नजरेस पडला. रुपयाच्या नाण्याएवढा होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"हे काय आहे?"

"पंखा आहे. काम करून करून ते गरम होते ना."

"मले नोकरीत सतरा वर्षांनी पंखा भेटला. तोही दोघांत एक. अन् याले पहिल्याच दिवशी, स्वतःचा?"

ताराने माझ्याकडे पाहिले. मी शेरा लिहून घेतला. माझ्या टेबलावर पंखा नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही ते थोडे लागले होते.

शेवटी कामगिरीची परीक्षा झाली. कॅलेंडरवर एकोणतीस जुलै होती. अरुणकुमारने स्वतः येऊन आठ एमबीचे कार्ड बसवले. ताराने बटण दाबले आणि तिचा अर्धवट नकाशा क्षणात पडद्यावर उभा राहिला, भिंती, खिडक्या, न्हाणीघर, सगळे.

"सुरू करा," भैय्याजी म्हणाले.

"झालं, काका."

"काय झालं? आमाले तर काहीच होताना दिसलं नाही."

"हे आधीच काढून ठेवलं होतं," शालिकरामजींनी निर्णय दिला. कामगिरीच्या रकान्यात शून्य पडले. चार एमबीचे कार्ड पाच मिनिटांत उरकले, त्याला दोन गुण मिळाले. मग लाख फोडून जुने कार्ड बसवले. एक रेघ आली. सगळे खुर्च्या पुढे ओढून बसले. दुसरी रेघ आली. भैय्याजी कौतुकाने मान डोलावत होते. चाळीस मिनिटे त्या कार्डाने सर्वांच्या डोळ्यांदेखत मेहनत केली आणि दहापैकी दहा गुण घेतले. 'अनुभव' या रकान्यातही नव्या दोघांकडे दाखवायला काही नव्हते.

निवड एकमताने झाली. जुने कार्ड संगणकातच होते, पण नियुक्ती रीतसर हवी म्हणून ते काढले आणि तीन ऑगस्टच्या शुभमुहूर्तावर पुन्हा बसवायचे ठरले.

तारा बैठक संपायची वाट न पाहता, कार्डे परत घेऊन निघालेल्या अरुणकुमारच्या स्कूटरमागून सायकल हाणत सुपेल्याला गेली. त्याच्या काउंटरमागे स्टुलावर बसून, ट्रकांच्या भोंग्यांत, पंखेवाल्या कार्डावर तिने चार दिवसांत नकाशा पुरा केला. तीन तारखेला ती रायपूरला गेली. नोकरी लागली.

मंडळाने तिचा सत्कार केला. संगणकात तेच जुने कार्ड होते, गळ्यात हार घातलेल्या संगणकात. शालिकरामजींनी भाषणात मंडळाच्या कार्डाचा दोनदा उल्लेख केला. मग ताराला दोन शब्द बोलायला सांगितले.

"मंडळाचे आभार," ती म्हणाली. "मंडळानं कार्ड काढून घेतलं नसतं, तर मी अजून इथंच बसून खिडक्यांची वाट पाहून राहिली असती."

टाळ्या जोरात पडल्या. भैय्याजींच्या डोळ्यांत पाणी आले.

तो तक्ता मी जपून ठेवला. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीत लिफ्ट बसवायचे निघाले, दरपत्रके दोनच आली, तेव्हा मीच तो काढला आणि तिसऱ्या रकान्यात जिना लिहिला. जिन्याला पंखा लागत नाही, अनुभव दांडगा आहे, वजनात कोणी जवळ येत नाही, आणि माणूस वर चढताना अगदी स्पष्ट दिसतो. जिना एकमताने मंजूर झाला. माझे गुडघे विरोधात होते, पण त्यांना मताधिकार नाही. हे वाचणारे तुम्हीही त्या सभेत तिसऱ्या रांगेत होतात. हात वर केलात आणि चहाकडे वळलात, एवढे मी इतिवृत्तात नोंदवून ठेवले आहे.