महापौर ठरवणारा उजवा हात

"आज या शहराचा महापौर कोण होणार, ते हा हात ठरवणार आहे! हा!" असं म्हणून चष्मेवाल्यांनी उजवा हात चहाच्या टेबलावर असा काही आपटला, की कपातला सगळा चहा बशीत आला.

"आधी त्या हाताने टेबल पुसा," बायको म्हणाली.

चष्मेवाल्यांनी पुसलं. घरात ते कोणाचंही ऐकत. बाहेरही ऐकत. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, स्वभाव गायीसारखा होता, आणि अख्ख्या प्रभागाच्या नाकावर त्यांनीच बसवलेली फ्रेम होती. तेवढ्या भांडवलावर ते नगरसेवक झाले. सभागृहात त्यांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. ताईसाहेबांनी भुवई उचलली की चष्मेवाल्यांनी हात उचलायचा! गटारासाठी हात, दिव्यांसाठी हात, एकदा तर नुसता पंखा लावायला सांगितलं तेव्हाही हात!

आज मात्र मामला मोठा होता. महापौरपदाला ताईसाहेब स्वतः उभ्या होत्या. समोर विरोधी गटाचे प्रोफेसर. आणि ताईसाहेबांच्या बाजूला मत जास्त होतं किती? फक्त एक!

ताईसाहेब कधी ओरडत नसत. त्यांचं उलटं होतं. राग जितका वाढेल तितका आवाज खाली. त्या अगदी ऐकू येईनाशा झाल्या की समोरच्याच्या तोंडचं पाणी पळालंच म्हणून समजा. मागे त्यांच्या शेजारीच बसणाऱ्या एका फरसाणवाल्या नगरसेवकाचा हात ऐन वेळी खालीच राहिला. ताईसाहेब त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या. महिन्याभरात त्याच्या दुकानासमोर, बरोब्बर दारासमोर, पालिकेची भव्य मुतारी उभी राहिली!

"पण अहो, हात वर करायचा, एवढंच ना?" बायको म्हणाली. "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

"घाबरतंय कोण!" चष्मेवाले म्हणाले आणि सभेआधी दुकान उघडायला गेले.

तिथेच घोटाळा झाला. फ्रेमचं एक खोकं वरच्या फळीवर ठेवायला म्हणून त्यांनी हात उचलला आणि खांद्यात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. हात लोंबकळला. उचलायला जावं तर डोळ्यांपुढे काजवे! त्यांना दुकानासमोरचा मोकळा, स्वच्छ फूटपाथ दिसला आणि पाचावर धारण बसली.

"डावा करा की वर," घरी आल्यावर बायकोने सुचवलं.

"डावा चालत नाही!" चष्मेवाले जवळजवळ रडले. "नियम आहे! पूर्वी एका कंत्राटदाराने दोन्ही हात वर केले, मोजणाऱ्याने दोन मतं मोजली, आणि तो स्वतःच्याच दोन मतांवर महापौर झाला! पुरी मुदत खुर्ची उबवली त्याने. तेव्हापासून फक्त उजवा हात!"

"मग डॉक्टरकडे चला."

"वेळ नाही!"

"मग माझ्या भावाला बोलावते."

चष्मेवाल्यांचा मेहुणा व्यायामशाळा चालवायचा. त्याचा दंड चष्मेवाल्यांच्या मांडीएवढा होता आणि आत्मविश्वास त्याहून जाड. त्याने खांदा चाचपला, डोळे मिटले, मान डोलावली.

"भाऊजी, काही नाही. एक झटका दिला की झालं."

"हळू रे बाबा..."

"तुम्ही फक्त श्वास सोडा."

श्वास सुटला. किंकाळीही सुटली. खट्ट! हात वर गेला, सरळ कानाला टेकून, आढ्याकडे बोट दाखवत.

"बघा! गेला की नाही वर?" मेहुणा म्हणाला.

"गेला," चष्मेवाले म्हणाले. "आता खाली कर."

मेहुण्याने ओढला. बायकोने ओढला. शेवटी मेहुणा त्या हाताला चक्क लोंबकळला. चष्मेवाले वाकले, हात वाकला नाही.

"भाऊजी," मेहुणा कपाळ पुसत म्हणाला, "पण तुम्हाला वरच पाहिजे होता ना?"

बोलणं खरं होतं! सदरा कसाबसा चढवून चष्मेवाले रिक्षात बसले, पण हात टपाला अडू लागला म्हणून तो बाहेर काढून, तिरके होऊन बसले. वाटेत दोन बस थांबल्या. एका सायकलवाल्याने रागाने विचारलं, "अहो, वळायचंय कुठे? आकाशात?" चष्मेवाल्यांना हसू येईना.

सभागृहाच्या दारात ताईसाहेब उभ्या होत्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या. त्यांनी हाताकडे पाहिलं.

"मतदानाला अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या.

"ताईसाहेब, त्याचं काय झालंय..."

"सभा सुरू व्हायच्या आधीपासून हात वर!" ताईसाहेब बाकीच्यांकडे वळल्या. "बघा. याला निष्ठा म्हणतात."

झालं! आता कुठल्या तोंडाने सांगणार, की ही निष्ठा नाही, मेहुणा आहे? चष्मेवाले जाऊन बाकावर बसले.

अध्यक्षस्थानी सभागृहातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य होते. त्यांना ऐकू कमी यायचं आणि आठवायचं फार. रिवाजाप्रमाणे मतदानाआधी त्यांनी शहराच्या महापौरांचा इतिहास सांगायला घेतला. भिंतीवरून सगळे माजी महापौर सोनेरी चौकटींतून खाली बघत होते.

"आपले पहिले महापौर," ज्येष्ठांनी सुरुवात केली, "हे निवडून आले नव्हते. पाहणीला आलेल्या एका बड्या साहेबाची टोपी वाऱ्याने उडाली. ती ज्याने पकडून दिली, तो महापौर! पुढे घरमालकांना मताचा हक्क मिळाला. एक घर, एक मत. तिसऱ्या महापौरांची सात घरं होती. त्यांना सातच मतं पडली आणि ते प्रचंड बहुमताने विजयी झाले! मग गुप्त चिठ्ठ्या आल्या. पण एकदा पेटीत माणसांपेक्षा चिठ्ठ्या जास्त निघाल्या, म्हणून हात वर करण्याची पद्धत आली..."

चष्मेवाल्यांचा हात आता बधिर व्हायला लागला होता. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. शेजारच्या सदस्याला त्यांनी कुजबुजून सांगितलं, "अहो, माझा हात अडकलाय!"

"आपण सगळेच अडकलोय," शेजारी सुस्कारा टाकून म्हणाला.

इतिहास संपला. ज्येष्ठांनी चष्मा सारखा केला. "ताईसाहेबांच्या उमेदवारीला कोणाची हरकत?"

सभागृहात एकच हात वर होता!

"चष्मेवाल्यांची हरकत आहे," ज्येष्ठ म्हणाले. "नोंद घ्या."

"नाही! नाही हो! माझी कसली हरकत!"

"मग हात खाली घ्या."

"येत नाही!"

"काय?"

"हात खाली येत नाही!"

"मी माघार घेत नाही, असं म्हणतायत," ज्येष्ठांनी लेखनिकाला सांगितलं.

पुढच्या बाकावरून ताईसाहेबांनी सावकाश मान वळवली. त्या काही बोलल्या नाहीत. चष्मेवाल्यांच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

नशिबाने हरकतीला कारण जोडलेलं नसल्यामुळे ती फेटाळली गेली. मतदान सुरू झालं. "ताईसाहेबांच्या बाजूने?" हात वर झाले. त्यात चष्मेवाल्यांचा हात सगळ्यांत ताठ! ताईसाहेबांची मान पुन्हा सरळ झाली. चष्मेवाल्यांनी सुटकेचा श्वास घेतला. झालं एकदाचं!

"आता प्रोफेसरांच्या बाजूने?"

चष्मेवाल्यांचा श्वास तिथेच थिजला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं! त्यांनी डाव्या हाताने उजवा खाली खेचला. जमेना. शेवटी काही न सुचून ते बाकाखाली शिरले. पण माणूस पुरता खाली गेला तरी हात मनगटापासून वरच राहिला, भिंतीवर उगवलेल्या पिंपळासारखा.

"बाकाखालून कोण मत देतंय?" ज्येष्ठांनी विचारलं.

मग जो गदारोळ उडाला, विचारू नका! "गद्दार!" "दोन्हीकडून खातो!" "हात तोडा त्याचा!" ही शेवटची सूचना चष्मेवाल्यांना त्या क्षणी फारशी वाईट वाटली नाही.

ज्येष्ठांनी घंटा बडवून निर्णय दिला : एक हात, एक उमेदवार. दोन्हीकडे दिलेलं मत बाद! मतं समसमान झाली. अशा वेळी चिठ्ठी टाकायची.

"आणि चिठ्ठी काढायची चष्मेवाल्यांनी," ज्येष्ठ म्हणाले. "कारण या घटकेला या सभागृहात कोणाचाच नसलेला माणूस तो एकच आहे."

दोघांनी धरून त्यांना पुढे नेलं. टेबलावर काचेची बरणी होती, तिच्यात दोन घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. त्यांनी डावा हात पुढे केला.

"उजवा!" ज्येष्ठ गरजले. "नियम आहे!"

आता उजव्या हाताला बरणीत कसं घालणार? शेवटी बरणीच हाताकडे न्यायचं ठरलं. शिपाई खुर्चीवर चढला, बरणी चष्मेवाल्यांच्या डोक्यावर नेली आणि पालथी केली. एक चिठ्ठी त्यांच्या कॉलरमधून पाठीत उतरली. दुसरी बोटांच्या बेचक्यात अडकली.

"हातातली खरी!" ज्येष्ठ म्हणाले. "वाच."

खुर्चीवरूनच शिपायाने घडी उलगडली. "प्रोफेसर!"

टाळ्या वाजायला जरा वेळच लागला, कारण सगळ्यांत जास्त दचकले ते प्रोफेसर. हरायची इतकी खात्री होती, की त्यांनी ताईसाहेबांच्या अभिनंदनाचं भाषण पाठ करून आणलं होतं. ते उभे राहिले, पांढरेफटक पडले, आणि पुन्हा बसले.

ताईसाहेब उठल्या. वाट आपोआप मोकळी झाली. त्या चष्मेवाल्यांसमोर येऊन थांबल्या, मान वर करून त्यांनी हाताकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. आवाज म्हणावा तर फुंकरीएवढा.

"हात खाली घ्या."

आणि काय सांगावं! मेहुण्याला जमलं नाही, बायकोला जमलं नाही, ते त्या फुंकरीने झालं. हात मुकाट्याने खाली आला आणि मांडीला चिकटून उभा राहिला. चष्मेवाल्यांना रडूच फुटणार होतं. पण तेवढ्यात नव्या महापौरांनी कापऱ्या आवाजात पुढचा विषय पुकारला : उपमहापौरांची निवड. उमेदवार ताईसाहेबांचे सख्खे भाऊ!

"आता वर करा," ताईसाहेब पुटपुटल्या.

चष्मेवाल्यांनी दात आवळले. नसा फुगल्या. चेहरा जांभळा झाला. सगळं सभागृह श्वास रोखून बघत होतं. हात तसूभर हलला नाही! पुन्हा मतं समान झाली, महापौरांनी आपलं निर्णायक मत टाकलं, आणि ताईसाहेबांचे भाऊ पडले.

दुसऱ्या दिवसापासून चष्मेवाले शहरातले सर्वांत शूर पुरुष ठरले. "ताईसाहेबांच्या तोंडावर हात खाली ठेवला! वाघ आहे वाघ!" वाघ त्या वेळी हात गळ्यातल्या झोळीत बांधून, दुकानाचं शटर अर्धं ओढून, काउंटरमागे बसलेला असायचा. गिऱ्हाइकांनी शौर्याची कथा विचारली की वाघ म्हणायचा, "लांबचा चष्मा हवाय की जवळचा?"

एका दुपारी शटर वर सरकलं. दारात ताईसाहेब!

चष्मेवाल्यांची बोबडी वळली. "या... या ना... ताई... ताईसा..."

"डोळे तपासायचेत."

चष्मेवाल्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं. डाव्या हाताने भिंगं बदलत गेले. ताईसाहेबांना भिंतीवरच्या तक्त्यावरचं फक्त सगळ्यांत मोठं अक्षर दिसत होतं, तेही चुकीचं.

"लांबचं बरंच धूसर दिसतं हो तुम्हाला," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "केव्हापासून?"

"वर्षं झाली. सभागृहात कोणाचा हात वर, कोणाचा खाली, मला काही दिसायचं नाही. मी आपली अंदाजाने सगळ्यांकडे रोखून बघायचे." त्या मंद हसल्या. "त्या दिवशी वाटलं, आता चष्मा करावा. पुढच्या निवडणुकीला मला सगळं स्वच्छ दिसलं पाहिजे."

चष्मेवाल्यांच्या मनात एक विचार आला. नंबर जरा चुकवला तर? कोणाला कळणार? पण दाराशी ताईसाहेबांचे भाऊ उभे होते, आणि त्यांना चष्म्याशिवायही लख्ख दिसत होतं. चष्मेवाल्यांनी घाम पुसला, आणि आयुष्यात कोणाला दिला नसेल इतका अचूक नंबर काढून दिला.