राऊत सर आणि दाटीतल्या दीर्घिका

राऊत सरांना लग्नाला बोलवायचं म्हणजे मांडवाबाहेर एक खुर्ची वेगळी टाकावी लागे. सर आत येत नसत. बाहेर आंब्याखाली उभं राहून अक्षता टाकत आणि त्या नवरानवरीऐवजी बँडवाल्यांवर पडत. कोणी हात धरून आत ओढलंच, तर दोन्ही तळवे पुढे करून म्हणत, "जरा लांब, जरा लांब!" ताटही बाहेरच मागवत. जिलबीपासून मात्र ते लांब राहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तलासरीकडच्या एका शाळेत मी कारकून होते आणि सर तिथे विज्ञान शिकवत. दोघंही बोर्डीचे, त्यामुळे एसटी एकच. सर कायम दारापाशी उभे, मागच्या बाकावर जागा असली तरी. शाळेतही त्यांची खुर्ची शिक्षकांच्या खोलीत नव्हे, व्हरांड्यात. नवीन मुख्याध्यापकांना वाटलं की सरांना कोणीतरी शिक्षा केली आहे. त्यांनी मोठ्या मनानं ती माफही करून टाकली.

या सगळ्याचं मूळ आकाशात होतं. दीर्घिका म्हणजे काय, हे मला सरांनीच एसटीत सांगितलं.

"ताऱ्यांचं गाव समजा. नवे तारे होतात थंड वायूपासून. दीर्घिका एकटी असली की तिचा वायू तिच्यापाशी राहतो. निवांत तारे घडवत बसते. पण तीच शेकडो दीर्घिकांच्या दाटीत शिरली की खेळ खलास! तिथे मधल्या जागेत सगळा तापलेला वायू. त्यातून धावताना हिचा थंड वायू मागे सुटत जातो. अच्छाडच्या नाक्याकडे गवताचे ट्रक पळतात, मागे गवत उडत जातं बघा, तसा. बाहेरून नवा पुरवठाही तुटतो. मग जुने तारे आहेत तोवर चमकायचं. नवा तारा नाही. लांबून बघणारा म्हणतो, काय झगमगाट आहे! उजेड आहे हो, पण जुना आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांना फार आवडे. स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांनी तासभर भाषण ठोकलं. मुलं पेंगली, हारातली फुलं पेंगली. सर व्हरांड्यातून मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "उजेड आहे, पण जुना आहे." मला हसू आवरेना, आणि आभारप्रदर्शन माझ्याकडेच होतं.

सरांचं शास्त्र जमिनीवरही चाले. त्यांच्या शेजारच्या वाडीत चिकूची झाडं एकमेकांत घुसली होती, आतल्या फांद्यांना फळच धरेना. सरांनी मालकाला आधी दीर्घिका समजावल्या, मग फांद्या छाटायला लावल्या. दोनेक वर्षांत आत ऊन पोचलं आणि चिकू लागले. मालक गुजराती, ते हात जोडून म्हणाले, "मास्तर, तमे तो भारे करी! चीकूमां आकाश लई आव्या!" म्हणजे तुम्ही तर कमालच केलीत, चिकूत आकाश घेऊन आलात. त्यानंतर सरांना चिकू विकत घ्यावे लागले नाहीत.

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. ते असे.

मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होते आणि शेवटच्या वर्षाला दोनदा आपटले होते. घरात मोठा गोतावळा. सासूसासरे, दीर, जावा, त्यांची मुलं, माझी मुलं. कोणी दुष्ट नव्हतं. उलट सगळ्यांचा माझ्यावर जीव, आणि तोच माझ्या अभ्यासाच्या मुळावर आला होता. सासऱ्यांना चष्मा माझ्याच हातून हवा. दिराचे मोजे मलाच सापडत. जाऊ आमटीत मीठ घालायच्या आधी मला विचारी आणि घातल्यावर पुन्हा विचारी. सासूबाईंनी शेवटी सांगून टाकलं, "या खेपेला शेवटचं हां, सुलभा. नाय झालं तर पुस्तकं रद्दीत. डोळ्यांखाली बघ कसं काळं पडलंय तुझ्या." त्यांचंही खोटं नव्हतं.

एसटीत हे सगळं मी सरांना सांगून टाकलं. सर दार सोडून पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसले.

"सुलभाबाई, तुमचा वायू चाललाय," ते म्हणाले. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "रविवारी माझ्या घरी अभ्यासाला बसा. मी दिवसभर समुद्रावर असतो. घरच्यांशी मी बोलतो."

सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. पण सर घरी येऊन पाच मिनिटं बोलले काय आणि त्या लगेच हो म्हणाल्या काय! मला आश्चर्यच वाटलं.

सरांचं घर चिकूच्या वाडीत. खुर्ची एक, खाट एक, कप एक. पहिल्या रविवारी मला अभ्यासच सुचेना. कोणी हाक मारत नव्हतं म्हणून उगीच दचकायला होई. दुसऱ्या रविवारपासून जमलं. वाचलेलं डोक्यात राहायला लागलं. वर्षानुवर्षांनी मला माझा स्वतःचा विचार सलग पाच मिनिटं ऐकू आला, आणि त्या आनंदात मी एकटीच हसले.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी उजळणी दुपारीच संपली. मी घरी निघाले. ओटीवर पाय ठेवते तो आतून सासूबाईंचा आवाज, "अनंता, ह्यांचा चष्मा कुठे ठेवला रे?"

"फ्रिजवर, काकी!"

आवाज राऊत सरांचा होता.

मी दारातच थिजले. घरभर माणसं, आणि त्यांच्या मधोमध सर मांडी घालून वालाच्या शेंगा सोलत बसलेले. धाकटा माझा त्यांच्या मांडीवर झोपलेला. पाठीवर जावेची मुलगी लोंबकळत होती. जाऊ आमटीची पळी घेऊन चव दाखवायला आलेली. मला बघून सासूबाई चिडल्या. "तू कशाला एवढ्या लवकर आली गो? तुझी कामं चालल्येत ना हितं!"

मग सगळं कळलं. सरांनी सासूबाईंशी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, की रविवारी मला हाक मारायची नाही. जे हवं ते सरांना सांगायचं. आणि मला हे कळू द्यायचं नाही, नाहीतर माझा जीव घरात अडकेल. मुलांची तोंडं शेंगदाण्याच्या चिक्कीनं बंद केली होती. समुद्राकडे सर एकाही रविवारी फिरकले नव्हते.

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. डोळे पुसत म्हटलं, "सर, तुम्हाला गर्दीचा एवढा त्रास, आणि माझ्यासाठी..."

"पहिले दोन रविवार झाला," सर म्हणाले. मग बराच वेळ चपलेनं वाळू सारखी करत राहिले. "शाळेत मी सर. वाडीत मास्तर. अनंता म्हणणारी आई गेली, मग आमची ही गेली. तुमच्या घरी दिवसभर कोणी ना कोणी मला अनंता म्हणतं. मला तर वाटलं होतं, ते नाव संपलं."

एवढं बोलून ते झपाझप चालू लागले.

मी पास झाले. निकालाच्या दिवशी घरात पेढे वाटले, सासऱ्यांनी देवापुढे नारळ फोडला. माझा आनंद मात्र पुरता वर येईना. अभ्यास संपला म्हणजे सरांचं रविवारचं येणंही संपलं. नुसतं या म्हटलं तर ते येणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना काम लागे. संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पुस्तकं रद्दीत घालायला निघालेली ही बाई पेढ्याचा कागद उगाच चुरगळत होती.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "बी.ए.च्या पुढं काय असतं गो?"

"एम.ए. असतं. का?"

"मग ते कर. दोन वर्षं तरी लागतील ना? नायतर रविवारी अनंता कुठे जाईल?"