आठ ग्रॅमचा आवाज

"खुळखुळा विकून टाका," लेक फोनवर म्हणाली, आणि तपासनिसांनी फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली म्हणून सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. बायकोसुद्धा लाडात आली की तेच म्हणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तपासनिसांचा उजवा कान त्याच्याही आधी गेला होता आणि डावा आपल्या सवडीनं ऐकायचा. कानाचं यंत्र घ्यायचं, पण लेकीच्या पैशानं नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून कपाटातली चांदी बाहेर निघाली: सहा वाट्या, पावडरचा एक डबा आणि लेकीचा खुळखुळा. त्याच्या दांड्यावर तिच्या पहिल्या दोन दातांचे ठसे होते. वाट्या-डब्याचं काही नाही, खुळखुळ्याचं तेवढं तिला विचारावं, म्हणून हा फोन.

निदान एक श्वास थांबून तरी म्हणायचं.

"बरं," ते म्हणाले. लेक पुढं बरंच काही बोलली. त्यांनी ते ऐकायचा प्रयत्नच केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते घरचा वजनकाटा पिशवीत घालून दुकानात गेले. चांदीवाला जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं एकेक वाटी कसाला लावली, तोलली आणि पाटीवर आकडा लिहिला.

"फळ्यावरचा भाव एक, तुम्ही देताय दुसराच," तपासनीस म्हणाले. "मधले पैसे कुठल्या स्टॉपवर उतरले?"

"काका, फळ्यावरचा भाव विकायचा. घ्यायचा वेगळा. त्या दोघांच्या मधल्या फटीत माझा संसार आहे." चांदीवाला वरच्या पट्टीत म्हणाला, कारण खालच्या पट्टीतलं दोनदा सांगून झालं होतं.

"आणि ही घट कसली?"

"सांधे जोडायला झाळ लावलेली असते, ती चांदी नव्हे. वितळवली की माल कमी भरतो. त्याचे पैसे मी कुणाकडं मागू?"

मग खुळखुळा काट्यावर आला. "छत्तीस ग्रॅम. आतल्या खड्यांचे सहा वजा."

"सहाच कशावरून?"

"अंदाज."

"मी अंदाजानं कधी कुणाला दंड केला नाही."

"मग फोडून बघावं लागेल, काका."

तपासनिसांचा हात आपोआप खुळखुळ्यावर गेला. मग लेकीचे शब्द आठवले, आणि हात मागे आला.

"फोडा."

कात्रीनं चांदीचा गोळा कापला तसे सात खडे टपटप बाहेर पडले. चांदीवाल्यानं ते तोलले. आठ ग्रॅम.

"माझा अंदाज परवडला असता," तो हळहळून म्हणाला. "दोन ग्रॅमनं बुडालात." त्यानं खडे कागदाच्या पुडीत बांधून दिले. "चांदी माझी, खडे तुमचे. नको त्या वजनाला मी हात लावत नाही."

यंत्र कानात बसलं. घरी आल्यावर तपासनिसांना कळलं की आपला फ्रिज कण्हतो, नळ ठिबकतो आणि आपण स्वतः चालताना पाय घासतो. बाकी काहीच ऐकू आलं नाही. एवढे पैसे मोजून त्यांनी घरातली शांतता स्वच्छ ऐकायची सोय करून घेतली होती. त्यांनी पुडी कानाशी हलवून बघितली. खडे कागदात नुसते खसखसले.

रविवारी लेकीचा फोन आला.

"यंत्र लावलंत? मग आता नीट ऐका. खुळखुळा कापसात गुंडाळून ठेवा. मी पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा नेणार आहे."

"तूच म्हणालीस, विकून टाका."

"बाबा, विकू नका म्हणाले मी! विकू नका!" मग तिनं आवाज खाली आणला. "पाचवा महिना लागलाय मला. तेही सांगितलं होतं त्या दिवशी. तुम्ही 'बरं' म्हणून फोन ठेवलात. मला वाटलं, रागावलात."

तपासनिसांनी जन्मात पहिल्यांदा धावत बस पकडली.

"वितळली हो," चांदीवाला म्हणाला. "मंगळवारीच."

त्यानं नवे खुळखुळे मांडले. तपासनिसांनी एकेक कानाशी हलवला. सगळे चिल्लर सांडल्यासारखे वाजत होते.

"आवाज चुकीचा आहे."

"काका, गेल्या आठवड्यात तुम्हाला माझा आवाज ऐकू येत नव्हता."

तपासनिसांनी खिशातून पुडी काढून पुढं ठेवली. चांदीवाल्यानं पुडीकडं पाहिलं, तपासनिसांकडं पाहिलं, आणि पुडीसकट एक खुळखुळा आत कारागिराकडं पाठवला. तासाभरानं तो जुने खडे पोटात घेऊन परत आला. चांदीवाल्यानं सवयीनं तो काट्यावर ठेवला.

"अडतीस ग्रॅम. गुणिले फळ्यावरचा भाव, अधिक मजुरी."

"यातले आठ माझे," तपासनीस म्हणाले. "तुमच्याच काट्यावर तोललेत."

चांदीवाल्यानं आकडा खोडला. "तुम्ही या धंद्यात हवे होतात."

दोन भावांमधल्या ज्या फटीतून ते आठवड्यापूर्वी खाली पडले होते, तिच्यातूनच नोटा मोजत ते वर आले. घरी येऊन त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. दातांच्या ठशांना वजन नव्हतं, त्यामुळं ते वजा झालेले कुणाला दिसलेच नव्हते.

त्यांनी लेकीला फोन लावून सगळं खरं सांगून टाकलं. "चांदी नवी आहे. आवाज तेवढा जुना आहे," असं म्हणून त्यांनी फोनजवळ खुळखुळा हलवला.

मग लेक अगदी हळू म्हणाली, "हाच तो, बाबा."

यंत्र कानात घट्ट बसलेलं होतं. अक्षर न् अक्षर पोचलं होतं.

"काय म्हणालीस?" तपासनीस म्हणाले. "ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."