मिस्त्रीची चाकोरी

आमच्या शेजारचे वामन मिस्त्री गाड्या दुरुस्त करतात, पन गाडीत बसेल मानसाच्या तोंडाकडं पाह्यतच नाईत. पह्यले खाली वाकतात, खिशातला टेप काढतात अन् दोन चाकांतलं अंतर मोजतात. त्याले ते चाकोरी म्हनतात. बैलगाडी असो का कार, त्यायच्यासाठी चाकोरीच.

एकडाव आमच्या मेहकरात वरात निघाली. नवरदेवाच्या जीपले रुंद चाकं बसवेल होते, पार अंगाबाहीर निघेल. मिस्त्री आडवे झाले. म्हने, कंपनीच्या कागदात लिहेल तेवढीच चाकोरी पाह्यजे, नाईतं पासिंग नाई. वाजंत्री थांबली. नवरदेव म्हने, "काका, पह्यले लग्न तं पास होऊ द्या."

माह्या पोराचा, गजूचा, पाय मळनी यंत्रात गेला. पुढचे दिवस कसे काढले ते काई सांगत नाई, निंघाले. मंग त्यानं जुनी कार घेतली. पाय न लावता ब्रेक-बीक सारं हातानं चालवाचं, अशी ते मिस्त्रीनंच करून देली, कागदंबी पक्के केले. पन ते आमच्या बोळीत शिरे ना. एकीकडं भिताड, दुसरीकडं मिस्त्रीच्या बुटक्या ओट्याचं टोक. चाक चार बोटं त्याच्यावर चढे. मंग गाडी रोडवर, अन् गजू कुबड्यायवर चिखलातून घरी. दोनडाव पडला. म्हने, आई, इकून टाकतो गाडी.

मी गेली मिस्त्रीकडं. म्हनलं, भाऊजी, चाकं चार बोटं आत घ्या.

"नाई वैनी. चाकोरी कमी केली का गाडी पलटी खाते. कायदा काऊन हाये मंग?"

मले राग आला. दोन दिवस बोलली नाई.

तिसऱ्या दिवशी सकाळीच घनाचा आवाज. पाह्यतो तं मिस्त्री आपलाच ओटा फोडून राह्यले. दोन फरशायचा ओटा तो. मिस्त्री अन् त्यायची घरवाली सरू रोज संध्याकाळी तेथं चहा पेत. सरूले जाऊन तीन वर्सं झाले. बोळीकडची फरशी निंघाली, एकच राह्यली.

त्या दिवसापासून गजूची गाडी दारात येते. ह्या मानसाचे उपकार मी कोन्या टेपानं मोजू?

त्या सकाळी मात्र माह्या तोंडातून एवढंच निंघालं, "भाऊजी, सरूची जागा होती ना ते?"

मिस्त्री टेप लावून बोळ मोजत होते. वर पाह्यलं नाई.

"माही होती हे. तिची दाराकडची. आता मी तेथं बसतो. तिले चालते."