टक्केसाहेबांचं शेवटचं दान

"नशीब, योग, मुहूर्त, सगळं झूट! फाशाला सहा बाजू असतात आणि कान एकही नसतो. तो कुणाचं काय ऐकणार, कपाळ?"

हे वाक्य टक्केसाहेब दर रविवारी दुपारी म्हणायचे आणि म्हणून झाल्यावरच फासा हातात घ्यायचे. चुकून आधी घेतलाच, तर खाली ठेवायचे, वाक्य म्हणायचे आणि पुन्हा उचलायचे. ही अंधश्रद्धा आहे असं कुणी सुचवलं की जाम भडकायचे.

टक्केसाहेबांचं चष्म्याचं दुकान होतं. 'टक्केसाहेब' हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट टक्क्यांत दिसायची. "काच तडकण्याची शक्यता चार टक्के. बायको रागावण्याची नव्वद." दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, त्यांचा पट कायम मांडलेला असे. पटावर सोंगट्या, एक फासा आणि समोर शेजारच्या दुकानातला औषधवाला. औषधवाला भाविक माणूस. दान टाकण्याआधी तो फासा कपाळाला लावून वाकून नमस्कार करायचा. ते पाहिलं की टक्केसाहेबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका रविवारी त्यांनी पैज लावली. "हा डाव मी जिंकलो की तुझा नमस्कार बंद! कायमचा!"

"आणि मी जिंकलो तर तू करायचास. दर दानाला. सगळ्यांसमोर," औषधवाला शांतपणे म्हणाला.

"कबूल!"

झालं! जो माणूस उभ्या जन्मात कशापुढे वाकला नव्हता, त्याची अब्रू पटावर लागली. डाव असा रंगला की चहा निवून गेला. शेवटी औषधवाल्याची सोंगटी अगदी उंबऱ्यावर आली, कोणतंही दान पडलं तरी आत! टक्केसाहेबांची सोंगटी घरापासून सहा घरं लांब. पाळी टक्केसाहेबांची. सहा पडले तर जिंकले, नाही तर वर्षानुवर्षं कपाळाला फासा! आणि नेमकं तेव्हाच औषधवाल्याला दुकानातून बोलावणं आलं.

"उद्या सकाळी टाकू," तो उठत म्हणाला. "तोवर फाशाला हात लावायचा नाही. आणि टक्के, आशा सोड!"

घरी बायको नव्हती, दोन दिवस भावाकडे गेली होती. टक्केसाहेबांनी एकट्यानेच तयारी सुरू केली. मागचा डाव जिंकले तेव्हा अंगात बटण तुटलेला शर्ट होता, म्हणून तो धुण्यातून उपसून काढला. तेव्हा फोन बंद पडला होता, म्हणून आता फोनही बंद करायचं ठरलं. ही श्रद्धा नव्हती बरं का! टक्केसाहेब याला 'प्रयोगातले स्थिर घटक' म्हणत. शर्टाला वास येत होता, पण विज्ञानासाठी माणूस काय सोसत नाही?

फोन बंद करण्याआधी त्यांनी खेळाच्या ग्रुपवर एक निरोप टाकला. खेळाच्या ग्रुपचं नाव होतं 'सहाची मंडळी'. घरच्या ग्रुपचं नाव होतं 'सहाजण मंडळी'. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या या माणसाने स्वतःचा चष्मा टेबलावर काढून ठेवला होता. निरोप असा होता:

"उद्या सकाळी शेवटचं दान. मिळालं तर वाचलो, नाही तर खेळ खलास. औषधवाला म्हणतो आशा सोडा. शक्यता सहात एक. प्रार्थना चालतील."

शेवटचं वाक्य अर्थातच टोमणा होता. निरोप घरच्या ग्रुपवर गेला, फोन बंद झाला, आणि टक्केसाहेब ढाराढूर झोपले.

सकाळी ते एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून "आता बरं दिसतंय की आधी बरं होतं?" असं विचारत होते, तोच दार धाडकन उघडलं आणि आत आत्या आली. ही त्यांच्या वडिलांची बहीण. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं होतं. पंच्याहत्तरी उलटलेली, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी.

"उभा कसा आहेस तू! आधी बस!"

"आत्या? तू इकडे कशी?"

"गप्प बस. बोलून शक्ती घालवू नकोस. दान देणारा कोण आहे?"

टक्केसाहेबांना वाटलं, हिला पैजेचं कळलं. ते अभिमानाने म्हणाले, "देणारा कुणी नसतो गं! फासा असतो नुसता. मी तयार आहे, आज काय तो सोक्षमोक्ष."

"फास?" आत्या किंचाळली. "अरे मेल्या, फास लावून घेतोस? मी जिवंत असताना?"

"फास नाही, फासा! फाऽसाऽ!"

तेवढ्यात औषधवाला हात पुसत आला. "काय टक्के, आहे का जीव? की सोडली आशा?"

आत्या गर्रकन वळली. "तूच का तो औषधवाला?" आणि छत्री खाली आली. औषधवाला काउंटरमागे, आत्या काउंटरपुढे. गिऱ्हाईक फ्रेमसकट उभं राहिलं. "मला एकाच डोळ्याने दिसतंय, पण प्रकरण गंभीर वाटतंय," ते म्हणालं.

पाठोपाठ मेहुणा धावत शिरला. गाडीची मागची सीट आडवी करून त्याने त्यावर गादी घातली होती. "भावोजी, चालू नका! मी उचलतो!" त्याने खरोखरच उचललं. त्याच्यामागून बायको आली, निवांत.

"अहो, खाली उतरा आधी," ती म्हणाली. "मी कालपासून सांगतेय सगळ्यांना, हे त्या पटाचं असणार. कोण ऐकतंय? आत्या म्हणाल्या, तुला काळजी नको म्हणून तो पटाच्या नावाखाली आजार लपवतोय."

मग उलगडा झाला. निरोप पुन्हा मोठ्याने वाचला गेला. टक्केसाहेबांना तोंड लपवायलाही जागा उरली नाही. आत्या मटकन स्टुलावर बसली.

"म्हणजे हे किडनीचं दान नव्हे? तुझी किडनी...?"

"शाबूत आहे गं. दोन्ही."

आत्याने पिशवीतून कागद काढले. तिच्या रक्ताचे, लघवीचे जुने-नवे सगळे रिपोर्ट. "मी माझी आणली होती," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले असते म्हातारीची चालत नाही, तर भांडले असते."

पहाटेच्या गाडीने, छत्री टेकत, ही बाई स्वतःचा अवयव द्यायला निघाली होती, आणि ते सहा महिन्यांत तिला भेटायला गेले नव्हते. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ते काही बोलणार, एवढ्यात आत्यानेच डोळे पुसले.

"आता आलेच आहे तर टाक तुझं ते दान. वाटभर त्यासाठीच देवाला विनवून घसा कोरडा केलाय मी."

सगळी वरात मागच्या खोलीत गेली. टक्केसाहेबांनी फासा उचलला. नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं, पण आत्यासमोर तोंडच उघडेना. तसाच टाकला! फासा पटावर आपटला, उडाला, यंत्राला धडकला आणि गडगडत काचांच्या कपाटाखाली गेला.

"जिथे पडला तिथेच बघायचा! हात लावायचा नाही!" औषधवाला ओरडला.

कपाट अवजड, फट इवलीशी. टक्केसाहेब गुडघ्यांवर बसले. दिसेना. कोपरांवर आले. दिसेना. शेवटी ते पालथे पडले, दोन्ही हात पुढे ताणले, कपाळ फरशीला टेकवलं आणि एक डोळा मिटला.

"सहा!" ते कपाटाखाली बोलले. "सहाच! जिंकलो! औषधवाल्या, तुझा नमस्कार बंद!"

कुणीच टाळी वाजवली नाही. मग औषधवाल्याचा आवाज आला. "टक्के, मी नुसता नमस्कार म्हणालो होतो. हा तर साष्टांग!" आणि फोटो काढल्याचा आवाज आला.

टक्केसाहेब ताडकन उठायला गेले आणि कंबरेत सणक भरली. ते होते तसेच राहिले.

"बघ, मागितलं की मिळतं," आत्या समाधानाने म्हणाली.

"आत्या," जमिनीवरून क्षीण आवाज आला, "सहात एकदा ते असंही मिळतंच."

"हो ना. उरलेल्या पाच वेळांचं मी बघत होते."

मेहुण्याने त्यांना उचललं, गादीवर ठेवलं आणि डॉक्टरकडे नेलं. गादी काही वाया गेली नाही.

आता टक्केसाहेब महिन्यातून एकदा आत्याकडे जातात आणि रविवारी पटावर बसतात. औषधवाला शब्दाचा पक्का, तो हल्ली नमस्कार करत नाही. टक्केसाहेब मात्र दान टाकण्याआधी हात जोडून हळूच पुढे वाकतात. "नमस्कार नाही हा, कंबरेचा व्यायाम आहे. डॉक्टरांनी सांगितलाय," असं ते सगळ्यांना ठणकावून सांगतात. डॉक्टरांनी सांगितलाय हे खरंच आहे. फक्त तो सकाळी उठल्यावर करायला सांगितलाय.