फोनमधल्या चाकाची खोट

नाना शेलार जुगार खेळायला बसले की आधी गवंड्याची लेव्हल काढायचे. पोलादपूरच्या जुन्या रस्त्याला, घाट सुरू व्हायच्या आधीच्या वळणावर त्यांचं पंक्चरचं दुकान. तिथल्या लाकडी स्टुलावर फोन आडवा ठेवायचा, त्यावर लेव्हल ठेवायची आणि नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत फोनच्या कोपऱ्यांखाली विडीच्या बंडलाचे कपटे सरकवत बसायचं. बुडबुडा जागेवर आला की हात पँटीला पुसायचे आणि मग कुठे बोट लावायचं. फोनमध्ये चाक फिरू लागायचं, चाकात पांढरी गोटी पळू लागायची.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी न राहवून विचारलं, "नाना, हे कशाला?"

"मास्तर, फोन तिरका असला तर गोटी एका अंगाला घसरनार नाय काय?"

मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. तरी त्या दिवशी मीही वाकून बुडबुडा तपासला, हे वर्गात कुणाला कळता कामा नये.

नानांचं उभं आयुष्य चाकांत गेलेलं. ट्रकचं चाक जॅकवर उचलून एका बोटाने फिरवायचं, कान लावायचा आणि सांगायचं, "ह्या बाजूला जड हाय." निर्दोष चाक देवानेसुद्धा बनवलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत. "चाक म्हंजे मानूस. कुटंतरी जड असतंच." त्यामुळे शिमग्याला मुंबईहून आलेल्या भाच्याने हौसेने त्यांच्या फोनमध्ये तो खेळ टाकून दिला, तेव्हा नानांना त्यात जुगार दिसलाच नाही. त्यांना एक चाक दिसलं, आणि त्याची जड बाजू अजून कुणाला सापडलेली नव्हती.

भिंतीवर ट्रकचा एक झिजलेला टायर टांगलेला होता. त्यावर खडूने शून्यापासून छत्तीसपर्यंतची घरं आखली गेली. गोटी जिथे बसेल तिथे खडूची रेघ. वाट चुकून आलेल्या एका पर्यटकाने "हे कुठल्या देशाचं घड्याळ?" म्हणून विचारल्याचं काकी, म्हणजे नानांची बायको, सांगतात.

सुरुवातीला नाना जिंकले. अशा खेळांत नवा माणूस सुरुवातीला बऱ्याचदा जिंकतो, गळाला आधी आमिष लावावंच लागतं. नानांनी स्टँडवर दिसेल त्याला चहा पाजला. मग पैसे काढायला गेले तर फोन म्हणाला, यात आम्ही दिलेला बोनस आहे, काढायचा असेल तर आधी त्याच्या कितीतरी पट खेळून दाखवा. आपण चिडलो असतो. नानांना मात्र ते रास्त वाटलं. "बरोबर हाय. काम अर्धं टाकून गिऱ्हाईक जाऊ नये, येवढंच म्हनतोय तो." काम पूर्ण करता करता जिंकलेलं सगळं गेलं. चहाचे पैसे काकींनी दिले.

मी त्यांना समजावायला बसलो. "नाना, घरं सदतीस. तुमचा आकडा लागला तर देतात छत्तीसच्या हिशेबाने. राहिलेलं एक घर मालकाचं. तुम्ही कितीही हुशारीने खेळा, ते घर तुम्हाला रोज थोडं थोडं खाणार. जितका जास्त वेळ खेळाल तितकं जास्त."

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पन चाक लंगडं असंल तर?"

"लंगडं असेल तर मग तुमचं बरोबर," असं माझ्या तोंडून निसटलं.

झालं. पुढे वर्षभर त्यांनी माझ्या भाषणातलं तेवढं एकच वाक्य सगळ्या पोलादपूरला ऐकवलं. "मास्तर बी मानतात." बाजारात लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. काकींनी तर मला रस्त्यातच अडवलं. "काय ओ मास्तर, गनिताचे ना तुम्ही? मग ह्यांना वजाबाकी शिकवा की. घरात दुसरं काय चाललेलंच नाय."

वजाबाकी खरंच जोरात होती. दुकानाची मिळकत गेली, मग काकींची भिशी गेली. आणि नानांना पैसे हवे होते ते चैनीसाठी नव्हे. कशेडीचा बोगदा झाला आणि घाटातली वाहतूक तिकडे वळली. जुन्या रस्त्याला उरली ती एखादी एसटी आणि गुरं. नानांना बोगद्याच्या रस्त्याला एक गाळा हवा होता. त्याची अनामत भरण्याइतकं एकदा जिंकलं की खेळ बंद, असं ते काकींच्या गळ्याची शपथ घेऊन सांगायचे. काकी म्हणायच्या, "तुमच्या गळ्याची घ्या. माझा मला पायजे."

टायरवर सतरा आकड्यापाशी रेघांची गर्दी झाली तेव्हा नानांनी जाहीर केलं की जड बाजू सापडली. आता हवेचा कॉम्प्रेसर विकायचा आणि येईल ते सगळं सतरावर लावायचं. कॉम्प्रेसर गेला की पंक्चरचं दुकान संपलं. मग उरतो तो स्टूल आणि फोन. काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत. मीही भांडलो, पण नाना ढिम्म.

गिऱ्हाईक ठरलं महाडचे इक्बालभाई. त्यांचे दोन ट्रक आणि एक टेम्पो. त्यांच्या वडिलांच्या गाड्यांची पंक्चरंसुद्धा नानांनीच काढलेली. शुक्रवारची नमाज आटोपून ते टेम्पो घेऊन आले. मी मुद्दाम अर्धी रजा टाकून तिथेच बसून होतो.

"थांब जरा," नाना म्हणाले, "येक शेवटची चाचनी घेतो." फोन स्टुलावर गेला, लेव्हल आली, कपटे सरकले. बोट लागलं. चाक फिरलं, गोटी पळाली आणि रेंज गेली. आमच्याकडे रेंज म्हणजे पाहुणी, कधी येईल आणि कधी उठून जाईल याचा नेम नाही. चाक जागच्या जागी थिजलं. गोटी मध्येच लटकलेली.

आम्ही तिघेही वाकून बघत होतो. "आता हितून सुटली का पार तेवीसच्या पुढं जानार," नाना पुटपुटले.

रेंज आली. गोटी सुटलीच नाही. ती चारच्या घरात निवांत बसलेली दिसली आणि पैसे कापले गेले होते.

नानांनी लेव्हल ठेवून बुडबुडा पुन्हा तपासला. मग त्यांनी पुन्हा बोट लावलं आणि चाक भरात असताना स्वतःच इंटरनेट बंद केलं. थोड्या वेळाने चालू केलं. गोटी पुन्हा कुठल्याशा घरात जाऊन बसलेली.

"मास्तर, गोटी फिरलीच नाय तर बसली कशी?"

"बोट लावता त्याच क्षणी आकडा ठरतो, नाना. पुढचं सगळं चित्र आहे. नुसतं दाखवायला."

"म्हंजे चाकच नाय?"

"नाय, नाना."

त्यांनी लेव्हल खिशात घातली. आता ते पैशांसाठी हळहळतील असं मला वाटलं होतं. पण ते समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले.

"पैशाचं जाऊ दे, मास्तर. पूर्वी हितं ड्रायव्हर लोक भाकऱ्यांची फडकी सोडून बसायचे. मद्रासचा, पंजाबचा, कुनाची भाषा कुनाला कळत नव्हती, पन बसायचे. आता दिवसभर बघत बसतो, येक चाक माझ्यापुढं येऊन थांबत नाय. हे फोनमधलं थांबायचं."

काकी दाराशी येऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

इक्बालभाई उठले आणि म्हणाले, "चला, कॉम्प्रेसरची टाकी उचला."

"अरे, पन आता इकायची नाय मला," नाना म्हणाले.

"घेतोय कोण विकत? टेम्पोत चढव. टेम्पो माझा, टाकी तुझी, हात तुझे. गाळा कशाला पायजे? गाड्या तुझ्याकडं येत नाय तर तू गाड्यांकडं जा. मिळेल ते वाटून घेऊ."

टाकी चढवायला मीही हात लावला. माझा उपयोग फारसा झाला नाही, पण सदरा काळा झाला. काकींनी नानांचा फोन माझ्या हातात दिला आणि तो खेळ माझ्याकडून पुसून घेतला. वर नानांना बटणांचा साधा फोन घेऊन दिला. तरी पहिले काही दिवस नानांचं बोट त्या बटणांवर उगीच चुळबुळायचं. सवय म्हणजे सवय, एका दिवसात कशी जाईल? पण गेली हळूहळू.

आता बोगद्याच्या अलीकडे, चहाच्या टपरीशेजारी तो टेम्पो उभा असतो. पहिलं गिऱ्हाईक आलं ते गुजरातचा एक टँकरवाला. नानांनी टायर बदलला आणि मग त्याला जाऊच देईनात. चहा पाजला, घरी कोण कोण आहे ते विचारलं, त्याच्या मुलीचा फोटो बघितला, "अगदी आजीवर गेलीय" असं आजीला न बघताच सांगितलं. निघताना तो म्हणाला, या बाजूने परत येईन तेव्हा हॉर्न देईन.

गेल्या रविवारी मी त्यांच्याजवळ टपरीवर बसलो होतो. बोगद्यात शिरताना निम्म्या गाड्या हॉर्न वाजवतात, आणि प्रत्येक हॉर्नला नाना चहाचा ग्लास खाली ठेवून हात वर करत होते. ट्रकला, एसटीला, लग्नाच्या वऱ्हाडालासुद्धा. शेवटी मी विचारलं, "नाना, यातला तुमचा कुठला, हे तुम्हाला कळतं तरी का?"

"नाय कळत," नाना हात वर ठेवूनच म्हणाले, "म्हनून तर सगळ्यांना करतो. त्याचाच राहून गेला तर?"